उघडिपीला भिणारा माणूस

गायकर मामा माझ्याशी पहिला शब्द बोलले, त्याआधी त्यांनी माझ्या फ्रीजच्या मागे हात घातला होता. कर्जतमधल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला मी नुकतीच रुजू झाले होते. दुसराच दिवस. खांद्याला खाकी पिशवी, हातात बॅटरी, पायात प्लास्टिकच्या चपला, असा एक उंच, वाळका माणूस दार न वाजवता आत आला, गुडघ्यांवर बसला आणि फ्रीजमागचा पाण्याचा ट्रे त्याने अलगद बाहेर ओढला. त्या ट्रेकडे वर्षभरात कुणी पाहिलं नसावं. बॅटरीच्या उजेडात मला दिसलं, पाण्यात बारीक बारीक जीव वळवळत होते.

"मॅडम, तुमी वर रगत तपासता," ते म्हणाले, "आन् खाली यांचं पाळणाघर चाललंय."

मला भयंकर लाज वाटली. त्यांनी ट्रे अंगणात नेला, पाणी मातीवर ओतलं, ट्रे घासून पुसून परत जागेवर लावला. जाताना म्हणाले, "राग मानू नका. मी सायबाच्या घरी पण असाच शिरतो."

मामा आमच्या दवाखान्याचे आरोग्य सेवक होते. घर भिवपुरीजवळच्या एका गावात, तिथे भाताची दोन खाचरं. मुलगा लांब नोकरीला, घरात ते आणि मामी. सकाळी आठला ते कर्जतला यायचे आणि त्यांच्या वाट्याच्या वस्तीत घर न घर फिरायचे. पिंपाची झाकणं उघडायचे, माठात, कुंडीत, टायरात, मोरीतल्या हौदात लांब दांड्याची पळी बुडवायचे. अळी सापडली तर पाणी ओतायला लावायचे आणि निघताना भिंतीवर गेरूने तारीख लिहायचे. त्या तारखा म्हणजे त्यांची हजेरी. कर्जतच्या जुन्या भागात अशी एक भिंत नव्हती जिच्यावर मामांचं तिरकं अक्षर नव्हतं.

सगळे पावसाला घाबरायचे. मामा पाऊस थांबण्याला घाबरायचे. आभाळ फाटल्यासारखं कोसळत असलं की ते दवाखान्याच्या ओट्यावर निवांत चहा प्यायचे. आणि लख्ख ऊन पडलं, समोरचा डोंगर धुऊन काढल्यासारखा हिरवा दिसायला लागला, आम्ही सगळे "काय छान उघडीप आहे" म्हणत बाहेर आलो, की मामांचा चेहरा उतरायचा.

"पाऊस चालू हाय तवर पाणी वाहतं, अळी वाहून जाती," ते मला समजावत. "थांबला की पाणी बसलं. वरून हे ऊन. आता बोटं मोजा. अंड्याचा डास व्हायाला आठ दिस. तो तापाच्या माणसाला चावला की त्याच्या पोटात रोग पिकायला आठ-धा दिस, उकाडा असंल तर त्याच्याआधीच. मंग तो दुसऱ्याला चावणार, तो माणूस चार-पाच दिसांनी आडवा. म्हणजे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी तुमच्या बाकड्यावर बसायला जागा नसंल."

आणि खरंच नसायची. दोन-तीन पावसाळ्यांनंतर मी तपासणीचं साहित्य मामांच्या बोटांच्या हिशेबाने मागवायला लागले.

गाव वाढत होतं, तसं त्यांचं काम अवघड होत चाललं होतं. भाताच्या खाचरांत इमारती उभ्या राहत होत्या. अर्धवट बांधकामांच्या लिफ्टच्या खड्ड्यात पुरुषभर पाणी साचायचं. नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून प्रत्येक दारात पिंप. पळसदरीच्या बाजूला शनिवार-रविवारचे बंगले, आठवडाभर कुलूपबंद. एकदा तिथल्या एका बागेत कमळाचं भांडं अळ्यांनी भरलेलं त्यांना कुंपणातून दिसलं. राखणदाराने मालकाला फोन लावून दिला. मालक मुंबईहून ओरडत होता, मामा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सायब, कमळ मी काढत नाय. कमळाच्या खाली तुमी जे पाळलंय ते काढतो. रविवारी तुमचीच पोरं खेळणार हितं." फोन बंद झाला. मामांनी भांडं उपडं केलं आणि राखणदाराला म्हणाले, "तो 'हो' म्हणाला."

ते खोटं बोलल्याचं मला माहीत असलेली ही पहिली वेळ. त्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो.

एका वर्षी जून कोरडा गेला. जुलैही अर्धा तसाच. रोपं वाढून पिवळी पडत होती आणि लावणी करायला शेतात पाणी नव्हतं. मग जुलैच्या शेवटी पाऊस आला तो आठ दिवस कोसळला. उल्हास नदी काठ सोडून वर आली, सखल वस्तीत पाणी शिरलं. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं आणि पायाच्या जखमेतून त्याचा ताप चढतो, म्हणून मामा गुडघाभर चिखलातून एकेकाच्या तळपायावर बॅटरी मारत, ज्याला जखम त्याला गोळ्या देत फिरत होते. साथीच्या भीतीने वरच्या कार्यालयाने सगळ्यांच्या रजा बंद केल्या.

नवव्या दिवशी ऊन पडलं. कडकडीत. आणि ते पडूनच राहिलं. दोन आठवडे पावसाचा थेंब नाही, अंगाची नुसती काहिली. मामा बोटं मोजत नव्हते, एवढं मला तेव्हा जाणवलं. मला वाटलं, दमले असतील.

तापाचे पहिले रुग्ण आले ते रेल्वेपलीकडच्या एका चाळीतून. पत्र्याची घरं, पत्र्यावर निळं प्लास्टिक, ते उडू नये म्हणून वर टाकलेली जुनी टायरं. त्याच चाळीत लता राहायची. तिशीतली, शिवणकाम करणारी, बोलण्यात तिखट. माझे ब्लाउज तिच्याकडेच असत. नवरा संतोष टेंपो चालवायचा, मुलगी दुसरीत. लता स्वतःच्या पायांनी चालत आली आणि मला म्हणाली, "मॅडम, डोळ्यांच्या मागं कुणी हातोडी मारतंय." रक्त घेतलं. डेंग्यू निघाला. डॉक्टरीणबाईंनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, रोज रक्त तपासायला बोलावलं.

पाचव्या दिवशी ती आली तेव्हा चेहरा मोकळा होता. ताप उतरला होता. गौरी-गणपतीची कामं खोळंबली होती, बायका दारात येऊन बसल्या होत्या. दुमडलेली बाही परत खाली ओढत ती म्हणाली, "ताप गेला तर सुई कशाला आता?" डॉक्टरीणबाई त्या दिवशी शिबिराला गेल्या होत्या. खोलीबाहेर माणसं भिंतीला टेकून बसली होती. मी हसले. म्हटलं, "सुटलीस गं बाई. जा, माझा निळा ब्लाउज आधी शिव."

या तापात ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसच जिवावरचे असतात, हे मला माहीत होतं. पुस्तकातून माहीत होतं, आणि तरी मी तिला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संतोषने तिला टेंपोतून आणलं. पोट धरून वाकलेली, हातपाय गार, ओठ पांढरे. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, रुग्णवाहिका बोलावली आणि पनवेलला पाठवलं. चौक गाव ओलांडून लोधिवलीच्या पुढे गाडी गेली असेल नसेल, तिथेच ती गेली. माझं घर लोधिवलीत आहे. त्या संध्याकाळी मी त्याच रस्त्याने घरी गेले आणि कुठे थांबावं ते मला कळेना.

तिसऱ्या दिवशी मामा प्रयोगशाळेत आले. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्यात अळ्यांची गर्दी होती. मग ते स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्या खोलीत बसलेलं पाहिलं नव्हतं.

"पत्र्यावरच्या टायरातल्या हायेत," ते म्हणाले. "लताच्या नाय, शेजारच्या. तिच्या दारातल्या पिंपात पण होत्या. सगळ्या चाळीत हायेत."

"तुम्ही तरी काय करणार, मामा? आठवड्याने परत होतातच."

"आठवड्यानं नाय." ते जमिनीकडे पाहत होते. "ऊन पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी त्या चाळीची फेरी होती. मी गेलोच नाय. लावणी होती. खाचरात पाणी होतं ते दोन-चार दिसांचं, मला दिसत होतं की आता पाऊस ताणणार. लावणीला माणसं मिळाली ती त्याच दोन दिवसांची. रजा बंद. मी फारम घरी बसून भरला. सगळी घरं लिवली. अळी नाय, अळी नाय, अळी नाय. पुढल्या आठवड्यात पुराच्या वस्तीत लावलं मला, चाळ तशीच राह्यली."

बाहेर कुणीतरी खोकत होतं. मी उठून दार लावलं.

"सगळेच भरतात, मामा," मी म्हटलं. "कुणाला माहीत, तो डास कुठला होता. दुसऱ्या गल्लीतला असेल."

"सगळे भरतात ते मला म्हाईत हाय. मी नव्हतो भरत."

"कुणाला सांगू नका. वर्षभरात निवृत्त होणार तुम्ही. नोकरी जाईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मी त्यांच्यापासून फार लांब उभी आहे असं काहीतरी होतं. ब्लाउजाचं मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही. त्यांच्यापाशी जे धैर्य होतं ते माझ्यापाशी नव्हतं.

तेराव्यानंतर त्यांनी मला विचारलं, "संतोषकडं चलता का माझ्याबरोबर? एकट्याला पाय उचलत नाय." मी गेले. भर दुपार होती. संतोष उंबऱ्यात बसला होता, मागे शिलाई मशीनवर चादर टाकलेली. मुलीला आजोळी पाठवलं होतं. त्याने आम्हाला पाणी विचारलं. मामा उभेच राहिले.

"संतोष, मी तुला एक सांगाया आलोय," ते म्हणाले, आणि जे मला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत, काही न गाळता सांगितलं. लावणी, रजा, फारम.

संतोष उठला आणि दाराशेजारच्या भिंतीपाशी गेला. गेरूच्या तारखा एकाखाली एक होत्या, दर आठवड्याची एक. त्याने शेवटच्या दोन तारखांमध्ये बोट ठेवलं. तिथे एक-दोन नाही, चार आठवडे गेलेले होते.

"तुमी आला असता तर ती वाचली असती?"

"सांगता येत नाय."

"नाय म्हणजे? हो का नाय?"

"नाय सांगता येत, बाबा. वाचली पण असती. नसती पण."

"मंग कशाला आलात सांगाया?" संतोषचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मी आतापत्तुर देवाला शिव्या घालत होतो. बरं चाललं होतं माझं. आता मी काय करू? तुमाला मारू?"

मामा म्हणाले, "मार."

संतोषने हात उचलला नाही. तो आत गेला आणि आतूनच म्हणाला, "जावा. परत ह्या दारात यायचं नाय." त्याने कडी लावली. शेजारच्या बायका बाहेर येऊन आमच्याकडे पाहत होत्या. रस्त्याला लागल्यावर मामा एवढंच म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. मी माझं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवून आलो."

पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, अमुक दिवशी मी तपासणीला न जाता खोटा अहवाल भरला, माझ्यावर कारवाई व्हावी, आणि वरच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला. मामांनीच मला सांगितलेलं त्यांचं बोलणं असं: "गायकर, डोकं फिरलंय का तुमचं? एकाचं काढलं की सगळ्यांचं निघेल. मृत्यूच्या कागदावर कारण लिहायचं कसं, याचाच अजून घोळ चाललाय. तुम्ही जा, काम करा." अर्ज कुठल्यातरी फायलीला लागला. चौकशी नाही, नोटीस नाही, एका दिवसाचा पगारही कापला गेला नाही.

मामांना मी खचताना पाहिलं ते तिथून. काम त्यांनी सोडलं नाही, उलट सुट्टीच्या दिवशीही ते यायला लागले. एका घराला तीन तीनदा जायचे. अळी नसलेलं पिंपही ओतायला लावायचे आणि पाण्यासाठी तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या बायका त्यांना शिव्या द्यायच्या. पूर्वी ते अशा बायकांना दोन शब्दांत हसवायचे. आता ते नुसते ऐकून घ्यायचे. एकदा मी म्हटलं, "मामा, तुम्ही एकटे किती घरं बघणार? इमारती बघा किती झाल्यात. ऊन-पाऊस आता आपल्या हिशेबाने येतच नाही." ते म्हणाले, "मला ठाव हाय, मॅडम, ह्यानं काय होत नाय. मी थांबलो तर मला घरी बसावं लागंल. घरी बसवत नाय."

मे महिन्यात ते निवृत्त झाले. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमाला आलेच नाहीत. त्यांच्या जागेवर कुणी आलं नाही. आधी पद रिकामं राहिलं, मग ते भरायचंच नाही असं कळलं.

त्या पावसाळ्यात मी एकदा त्यांच्या गावी गेले. आजूबाजूची सगळी खाचरं लावून झाली होती आणि मधोमध मामांची दोन, नुसत्या गवताची. मामी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "सांगून दमले मी. त्या शेतात उतरतच नायत. बांधावर उभं राहतात आन् माघारी येतात." मामा पडवीत बसले होते, आणखी वाळलेले. मी लताचा आणि माझ्या निळ्या ब्लाउजाचा विषय त्या दिवशी काढला. ती रक्त न देता गेली आणि मी हसून जाऊ दिलं, हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल, दोघांत वाटून जाईल.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोरी, हे मला सांगून काय उपेग? मी तुला माफ केलं तर ते लागू व्हतंय का?" पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नव्हतं. मग म्हणाले, "मला कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. कुणीच काय बोललं नाय. तेच बसलंय हितं." आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

दिवाळीनंतर ते गेले. सकाळी बांधावर पडलेले मामींना दिसले. मला निरोप मिळाला तोपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये, अशाच एका उघडिपीत, संतोष मुलीला घेऊन माझ्या खोलीत आला. मुलीचं अंग तापलं होतं. मी रक्त घेतलं. पहिल्या तपासणीत काही निघालं नाही, पण मी त्याला समोर बसवून सांगितलं, "उद्या परत आण. परवाही आण. आणि ताप उतरला की गप्प बसू नकोस, तेव्हा तर आणच. पोटात दुखलं, उलटी झाली, हातपाय गार लागले, तर माझी वाट न बघता गाडी काढ." त्याने मान हलवली. हे त्याला दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं, हे त्याच्या मनात आलं का, मला माहीत नाही. माझ्या मनातून ते गेलं नाही. लताला मीच हसून जाऊ दिलं होतं, हे मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही.

मुलीला उचलून घेऊन तो दारापाशी थांबला.

"तो म्हातारा आता दिसत नाय चाळीत."

"वारले ते. गेल्या दिवाळीनंतर."

मुलीचं डोकं त्याने खांद्यावर नीट टेकवलं.

"मी त्याला येऊ नको बोललो होतो," तो म्हणाला. "तरी यायचा. हाक नाय मारायचा. भायेरचं पिंप उघडायचा, बघायचा, झाकण लावून जायचा. मी आत असायचो. झाकणाचा आवाज यायचा मला." मग विचारलं, "मंग आता चाळीत कोण बघतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.